थंडीचा तळ कसा मोजला?

पौषात निफाडकडे पारा तीन-चार अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते, आणि द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागवतात. काश्मीरात तोच पारा शून्याच्या खाली जातो. दक्षिण ध्रुवाकडच्या व्होस्टोक नावाच्या रशियन ठाण्यावर १९८३ साली शून्याखाली ८९.२ अंश एवढ्या थंडीची नोंद झाली. मग पुढे काय? शंभर, दोनशे, हजार, लाख असे उतरतच जाता येईल का?

उष्णतेच्या बाजूला पाहिले तर तसे वाटणे साहजिक आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर तापलेला, आणि त्याचा गाभा तर दीड कोटी अंशांवर. वरच्या बाजूला एवढी मोकळीक असेल, तर खालच्या बाजूला का नसावी? पण ती नाही. पाणी जेथे गोठते त्या खुणेपासून २७३.१५ अंश खाली गेले की थंडीचा तळ लागतो. त्याच्या खाली थंडी नाही. या तळाला शास्त्रात निरपेक्ष शून्य म्हणतात.

आता यातली गंमत अशी की या तळावर आजपर्यंत कोणीही पोचलेले नाही, आणि कोणी पोचणारही नाही. असे असून त्याचा आकडा दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत आपण सांगतो. तो कोणी, कसा काढला? दोनशे-अडीचशे वर्षांची ही हकीकत आहे, आणि ती सरळ रेषेत गेलेली नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या नेहमीच्या तापमापीवरचे शून्य हे माणसाने सोयीसाठी ठरवलेले शून्य आहे. गावच्या वेशीवर मैलाचा दगड असतो, त्यावर शून्य लिहिले म्हणून काही रस्ता तेथे सुरू होत नाही. सेल्सिअस या स्वीडिश ज्योतिर्विदाने १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा तर उकळत्या पाण्याला त्याने शून्य म्हटले होते आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर! पुढे ती उलटी केली गेली. सांगायचे एवढेच, की 'शून्य अंश' म्हणजे 'उष्णता नाही' असे नव्हे. बर्फातही पुष्कळ उष्णता असते. सगळी उष्णता काढून घेतली तर काय उरेल, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाला पहिला हात घातला तो गीयोम आमोंतों या फ्रेंच गृहस्थाने. याला तरुणपणीच बहिरेपण आले होते. उपकरणे बनवण्यात मात्र त्याचा हात धरणारा विरळा. त्याने एक तापमापी बनवली, तीत पारा नव्हे तर हवा तापायची. पारा फक्त तिचा दाब मोजण्यापुरता. काचेच्या गोळ्यात हवा कोंडायची, तिला पसरू द्यायचे नाही, आणि तापवल्यावर ती पाऱ्याचा स्तंभ किती उंच उचलून धरते ते पाहायचे. उकळत्या पाण्यात गोळा बुडवला तेव्हा हा स्तंभ ७३ इंच भरला. वितळत्या बर्फात तोच साडेएक्कावन्न इंच झाला. हे इंच पॅरिसचे, पण त्याने आपल्या हिशेबात फरक पडत नाही.

आता शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडावे. उकळत्या पाण्यापासून बर्फापर्यंत, म्हणजे आजच्या शंभर अंशांत, दाब साडेएकवीस इंचांनी कमी झाला. मग उरलेले साडेएक्कावन्न इंच संपायला आणखी किती अंश लागतील? साधे त्रैराशिक आहे. उत्तर येते जवळजवळ २४०. म्हणजे बर्फाच्या खाली २४० अंशांवर हवेला दाबच उरणार नाही, आणि शून्याहून कमी दाब तर असू शकत नाही. १७०२-०३ च्या सुमारास आमोंतोंने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हा विचार मांडला, की हवेची उसळी जेथे संपते तेथे थंडीची पराकाष्ठा झाली. अंशांचे गणित मात्र पुढच्या लोकांनी त्याच्या आकड्यांवरून केले. लांबर्ट या विद्वानाने असेच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केले. त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली छापलेल्या ग्रंथात हा तळ सुमारे २७० अंश खाली येतो. इतक्या लवकर इतके जवळचे उत्तर! पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण तोवर शास्त्रज्ञांची मने दुसऱ्याच वाटेने गेली होती.

ती वाटही समजून घेण्यासारखी आहे. चुकीची वाट होती, पण वेड्यांची नव्हती. त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असे पुष्कळांना वाटे. बर्फ वितळताना कितीतरी उष्णता खातो, तरी त्याचे उष्णतामान शून्यावरच राहते, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने दाखवले होते. हीच ती आपली सुप्त उष्णता. ब्लॅकचा शिष्य विल्यम अर्विन याने तिचा अर्थ असा लावला: बर्फ म्हणजे अरुंद रांजण, पाणी म्हणजे रुंद रांजण. अरुंद रांजणातले पाणी रुंद रांजणात ओतले तर पातळी उतरणार. ती पूर्वीइतकी ठेवायची तर वरून पाणी घालावे लागणार. वरून घातलेले हे पाणी म्हणजेच सुप्त उष्णता! आता दोन्ही रांजणांची रुंदी माहीत असेल आणि वरून किती घागरी घातल्या ते माहीत असेल, तर रांजणात आधी पाणी किती खोल होते ते गणिताने सांगता येईल. ती खोली म्हणजेच थंडीच्या तळापर्यंतचे अंतर.

कल्पना मोठी सुरेख आहे. पण आकडे घालून पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. पाण्याची विशिष्ट उष्णता १ आणि बर्फाची ०.९ धरली, तर फरक ०.१, ८० ला ०.१ ने भागले की तळ ८०० अंश खाली जातो. बर्फाची विशिष्ट उष्णता आज आपण मोजतो तशी ०.५ धरली, तर तोच तळ १६० अंशांवर वर येतो! रुंदी मोजण्यात जरा फरक पडला की विहिरीची खोली पाचपट बदलते. बर्फाऐवजी दुसरे पदार्थ घेतले तर आणखीच तऱ्हा. १७८३ मध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन थोर फ्रेंच शास्त्रज्ञांनी अनेक पदार्थ घेऊन हिशेब केले, तेव्हा १५०० पासून ३००० अंशांपर्यंत उत्तरे आली. इंग्लंडात जॉन डाल्टन, परमाणुवादाचा प्रणेता तो, यानेही असेच बरेच हिशेब करून अखेर ३००० अंश हा आकडा पसंत केला. आज आपल्याला माहीत आहे, की रांजणाची रुंदी तळापर्यंत सारखी नसतेच. पदार्थ थंड होत जाईल तशी त्याची विशिष्ट उष्णता कमी कमी होत जाते. शिवाय सुप्त उष्णता ही मुख्यतः कणांची बांधणी सोडवण्यात खर्च होते, रुंद रांजण भरण्यात नव्हे. पायाच चुकला, मग भिंत कशी उभी राहणार?

डाल्टनबद्दल आणखी एक नवल वाटते. वायू तापवले असता सगळे सारखेच प्रसरण पावतात, हे त्याने स्वतः प्रयोगाने पाहिले होते. म्हणजे खरी किल्ली त्याच्या हातात होती. कुलूप मात्र तो दुसरेच उघडत बसला.

ती किल्ली पॅरिसमध्ये गे-लुसॅकने १८०२ साली नीट घासूनपुसून पुढे ठेवली. त्याच्या आधी १७८७ च्या सुमारास शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाने (आपल्या पुस्तकांतला 'चार्ल्सचा नियम' तो याचाच) असे प्रयोग केले होते, पण छापले नव्हते. ते श्रेय गे-लुसॅकने त्याला मोकळेपणाने दिले. हवा, हायड्रोजन, ऑक्सिजन कोणताही वायू घ्या, शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवा, त्याचे आकारमान मूळच्या ०.३७५ पटीने वाढते, असे त्याचे म्हणणे. यावरून तळ २६६ अंश आणि वर थोडा, असा निघतो.

हे समजायला आपण कणगीचे उदाहरण घेऊ. कणगीत २७३ पायली जोंधळे आहेत असे समजा. रोज बरोबर एक पायली काढायची. कणगी उघडून तळ पाहण्याची गरज नाही. किती पायली आहेत आणि रोज किती काढतो, एवढे कळले की ती कोणत्या दिवशी रिती होणार ते सांगता येते. वायूचेही तसेच. शून्य अंशावर असलेल्या दाबाचा २७३ वा भाग, दर अंशाला एक, असा तो कमी होत जातो. सगळा प्रश्न उरतो तो पायली अचूक मोजण्याचा.

गे-लुसॅकची पायली जराशी मोठी निघाली. स्वीडनमध्ये रुडबर्गने १८३७ च्या सुमारास तेच माप पुन्हा घेतले तेव्हा ०.३७५ ऐवजी ०.३६५ च्या आसपास आकडा आला. मग बर्लिनमध्ये माग्नुस आणि पॅरिसमध्ये रेन्यो यांनी १८४१-४२ साली स्वतंत्रपणे काम केले, आणि दोघांचाही आकडा ०.३६६५ च्या जवळ आला. मग आधी चुकले कोठे? मुख्य अपराधी ओलावा. काचेला आतून पाण्याचा अंश चिकटलेला असतो. गोळा तापला की त्याची वाफ होते, आणि वाफेचा दाब हवेच्या खात्यात जमा होतो. वाढ फुगते आणि तळ वर येतो.

शिक्षकांनी हे स्वतः पाहावे. हातभर लांबीची बारीक काचेची नळी घ्या, एक टोक दिव्यावर वितळवून बंद करा, नळी चांगली तापवून कोरडी करा आणि मग मधोमध तेलाचा लहान थेंब ओढून घ्या, म्हणजे खाली हवा कोंडली जाईल. तेल शिवणयंत्राचे घ्यावे. खोबरेल नको, बर्फात ते थिजते. पाराही नको, त्याची वाफ विषारी असते. उघडे तोंड वर ठेवून नळी आधी बर्फाच्या पाण्यात, मग गरम पाण्यात धरा, आणि हवेच्या स्तंभाची लांबी मोजा. बर्फात पंधरा सेंटिमीटर असेल तर उकळत्या पाण्याजवळ साडेवीसच्या आसपास भरेल. त्यावरून त्रैराशिकाने तळ काढा. उत्तर २५० आले तरी निराश होऊ नका. आमच्या कॉलेजांत हाच प्रयोग जॉलीच्या उपकरणाने करतात, आणि मुलांची उत्तरे २६० पासून २८५ पर्यंत कोठेही येतात. एखादा विद्यार्थी बरोबर २७३ लिहून आणतो. त्याची वही मी जरा जास्तच बारकाईने तपासतो!

रेन्योबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत. वाफेच्या यंत्रांसाठी लागणारे सगळे आकडे नव्याने मोजावेत, असे काम फ्रेंच सरकारने त्याच्यावर सोपवले होते. हा माणूस सिद्धांताच्या भानगडीत फारसा पडत नसे. मोजणे, पुन्हा मोजणे, आणि चूक कोठून शिरते ते शोधणे हा त्याचा धर्म. पुढे १८७०-७१ च्या युद्धात सेव्हर येथील त्याच्या प्रयोगशाळेतली उपकरणे शत्रुसैन्याने फोडून टाकली, आणि त्याच युद्धात त्याचा चित्रकार मुलगा ऐन तारुण्यात मारला गेला. त्यानंतर रेन्योच्या हातून शास्त्राचे काम झाले नाही.

पण या रेन्योनेच एक नवी पंचाईत उभी केली होती. सगळे वायू सारखेच वागतात, हे त्याच्या अचूक मापाला पटेना. आकारमान कायम ठेवून दाब मोजला तर हवेचा आकडा ०.३६६५, हायड्रोजनचा ०.३६६७, कार्बन डायऑक्साइडचा ०.३६८८, आणि गंधक जाळल्यावर निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा ०.३८४५. हिशेब केला तर हवा तळ दाखवते २७२.९ वर, कार्बन डायऑक्साइड २७१ वर आणि सल्फर डायऑक्साइड चक्क २६० वर! म्हणजे प्रत्येक वायूची थंडी वेगळी की काय? वर आणखी आक्षेप असा, की थंड करत गेले तर वायू वायूच राहत नाही. त्याचा द्रव होतो. कणगी रिती होण्याआधीच जोंधळ्याचे पीठ झाले, तर पायलीचा हिशेब कसा चालायचा?

यातून वाट काढली ती विल्यम टॉमसनने, ज्याला पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जग ओळखू लागले. बाविसाव्या वर्षी ग्लासगोला प्राध्यापक झालेला हा तरुण त्याआधी काही महिने पॅरिसला रेन्योच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करून आला होता. १८४८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने विचारले: उष्णतामान मोजायला पाऱ्याची किंवा हवेची साक्ष हवीच कशाला? कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली दाखवले होते, की आदर्श यंत्राला उष्णतेपासून किती काम करून घेता येईल, हे यंत्रात वाफ आहे की हवा यावर अवलंबून नसते. ते फक्त गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या उष्णतामानावर ठरते. मग त्यावरूनच मोजपट्टी आखू या, म्हणजे ती कोणत्याही पदार्थाची मिंधी राहणार नाही. पुढे १८५४ पर्यंत या मोजपट्टीला आजचे रूप आले. तिचे शून्य कोठे? जेथे थंड बाजूला उष्णता टाकावीच लागत नाही, घेतलेल्या सगळ्या उष्णतेचे काम होते, तेथे. वायू द्रव होवो की गोठो, या शून्याला त्याचे सोयरसुतक नाही. 'निरपेक्ष' हा शब्द येथे खरा ठरला.

तरी आकडा काढायला प्रयोग हवाच होता. टॉमसनने जोडीला घेतले जूल यांना. मँचेस्टरजवळचे हे मद्यनिर्मितीचे कारखानदार. विद्यापीठाशी संबंध नाही, पण शतांश अंश मोजणारा त्यांच्यासारखा माणूस इंग्लंडात नव्हता. १८५२ पासून सुमारे दहा वर्षे दोघांनी एकच प्रयोग नाना प्रकारे केला. नळीत कापसाचा बोळा घट्ट बसवायचा आणि दाबाखालचा वायू त्यातून हळूहळू पलीकडे सोडायचा. वायू खरोखर आदर्श असेल, म्हणजे त्याच्या कणांना एकमेकांची ओढ नसेल, तर दोन्ही बाजूंना उष्णतामान तेच राहील. ओढ असेल तर कण दूर होताना थोडी उष्णता खर्ची पडेल. हवा एका वातावरणाच्या दाबामागे सुमारे पाव अंशाने थंड झाली. कार्बन डायऑक्साइड चौपटीहून अधिक. हायड्रोजन किंचित तापला! हा पाव अंश म्हणजे प्रत्येक वायूच्या खोटेपणाचे माप. ते हाती आल्यावर प्रत्येकाची साक्ष किती सुधारून घ्यायची ते कळले, आणि वेगवेगळ्या वायूंची शून्ये २७३ च्या भोवती एकत्र येऊ लागली.

दुसरा उपायही होता, आणि तो मला अधिक आवडतो. गोळ्यात वायू कमी भरा. त्याहून कमी भरा. आणखी कमी. वायू जितका विरळ, तितके त्याचे कण एकमेकांपासून दूर आणि तितकी त्यांची ओढ कमी. प्रत्येक वेळी आलेला तळाचा आकडा आलेखावर मांडत जा आणि ती रेषा 'दाब नाहीच' तेथपर्यंत वाढवा. नायट्रोजन, हायड्रोजन, हेलियम यांच्या रेषा वेगवेगळ्या उताराने येतात आणि त्या एका बिंदूत भेटतात. येथे वायूंचे भांडण मिटले.

दरम्यान तळाकडे प्रत्यक्ष उतरण्याची शर्यत सुरू झाली होती. १८७७ मध्ये ऑक्सिजनचे तुषार दिसले, १८९८ मध्ये लंडनला ड्यूअरने हायड्रोजनचा द्रव केला, आणि १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस याने हेलियमचाही द्रव केला. तळ आता चार अंशांवर आला. १९३३ साली अमेरिकेत जिओकने चुंबकाच्या साह्याने पाव अंशापर्यंत मजल मारली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बिस्मथ धातू एका अंशाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्यापर्यंत थंड करण्यात आला, तेव्हा तो अतिवाहक होतो असे दिसले. त्याचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. तळ गाठणे मात्र शक्य नाही. प्रत्येक पायरीला उरलेल्या उष्णतेचा काही भागच निघतो, सगळी कधीच निघत नाही. नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली हे नियम म्हणून सांगितले.

राहिला प्रश्न दशांशांचा. १९३० नंतरच्या दशकात लायडन, बर्लिन आणि टोकियो येथल्या प्रयोगशाळा यामागे लागल्या. काच स्वतः किती फुगते, नळीच्या बारीक भागातली न तापलेली हवा किती, काचेला वायू किती चिकटतो, एवढेच काय, त्या गावी गुरुत्वाकर्षण किती (कारण पाऱ्याच्या स्तंभाचे वजन त्यावर ठरते), या सगळ्यांचा हिशेब करायचा. लायडनचा आकडा आला २७३.१४ च्या जवळ, बर्लिनचा २७३.१६, आणि टोकियोच्या किनोशिता व ओइशी यांचा २७३.१५. तंटा फक्त शेवटच्या घराचा. १९५४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो मिटवला. बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही बंद नळीत एकत्र नांदतात तो बिंदू पक्का धरला, आणि त्याला २७३.१६ अंश दिले. साधा बर्फ त्याहून एक शतांश खाली गोठतो, म्हणून २७३.१५. फक्त एक बिंदू पक्का करून मोजपट्टी आखावी, ही सूचना टॉमसनने बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८५४ साली केली होती!

२० मे २०१९ पासून पाण्याचाही आधार सुटला. आता अंशाची व्याख्या बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर बसवली आहे. तो स्थिरांक मोजला कसा, तर धातूच्या पोकळ गोळ्यात विरळ आर्गॉन वायू भरून त्यातून आवाज किती वेगाने जातो ते पाहून. पद्धत पुन्हा वायूचीच, आणि दाब कमी करत नेण्याचीच. बर्फ आणि उकळते पाणी या दोन खुणांवर आमोंतोंपासून सगळ्यांनी भरवसा ठेवला. त्यांतली दुसरी खूण मात्र या सगळ्या काटेकोरपणात जागची हलली. नेहमीच्या दाबाखाली शुद्ध पाणी बरोबर शंभर अंशांवर उकळत नाही, ९९.९७ अंशांवर उकळते. वर्गात मात्र शंभरच सांगावे.